बाईंनी हँडल काढून नेलं

सुपरवायझरने कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि त्यावर पेनही ठेवलं. मजकूर आधीच टाइप केलेला होता: 'फिल्टरच्या देखभालीत माझ्याकडून हलगर्जीपणा झाला, त्यामुळे स्विमिंग पूलचं पाणी गढूळ झालं. पुन्हा असं होणार नाही.' खाली फक्त सहीची जागा मोकळी.

बाईंनी चष्मा चढवला आणि कागद दोनदा वाचला.

"हे मी कधी म्हटलं?"

"म्हणायचं नसतं मावशी, नुसती सही करायची असते."

"आधी एक सांग, तुझी आई आणि मी बहिणी कधी झालो?"

सुपरवायझर ओशाळला. वयाने तिशीचा, शर्ट कडक इस्त्रीचा, आयुष्यात कधी पंप उघडलेला नाही. "बरं, बाई. सर्जनसाहेब फार जुनं गिऱ्हाईक आहे हो. तुमच्या आधीच्या दोन्ही मेकॅनिकनी केली होती सही. कागद फाइलला जातो, साहेबांचं डोकं थंड होतं, संपलं."

"दोघांनी सही केली, आणि पाणी?"

"गढूळच."

"मग माणसं बदलून पाणी बदलत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं तुला."

"बाई, वरून सांगितलंय मला. सही नसेल तर सोमवारपासून तुमचं काम बंद."

बाईंनी पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि त्याच्या खिशाला अडकवून दिलं. "आज मंगळवार. शनिवारपर्यंत थांब."

सही म्हणजे दोन रेघोट्या, असं सुपरवायझरला वाटत असेल. बाईंना तसं वाटायचं कारण नव्हतं. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी बावीस वर्षं सहायक म्हणून काम केलं होतं. एके वर्षी मुख्याध्यापकांच्या भाच्याने, जो तिथेच शिक्षक होता, चांगला मायक्रोस्कोप फरशीवर आपटला. मुख्याध्यापक गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही सही करून टाका, कागद माझ्या खणाबाहेर जाणार नाही." बाईंनी केली. नऊ वर्षांनी दोन शाळा एकत्र झाल्या, दोन सहायकांतली एकच ठेवायची ठरली, आणि तो कागद खणाबाहेर आला. एक्कावन्नाव्या वर्षी बाई घरी बसल्या. घरी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तीन महिन्यांनी पूलवाल्यांच्या कंपनीत शिकायला गेल्या. बाकीचे फिल्टरच्या टाकीकडे बावचळून बघत होते, तेव्हा बाईंना हसू येत होतं. नरसाळं आणि गाळणकागद घेऊन हजारभर मुलांना गाळणं शिकवलेलं. हे नरसाळं जरा मोठं होतं, इतकंच. त्या गोष्टीलाही आता सहा वर्षं झाली होती.

दुपारीच त्या सर्जनच्या घरी गेल्या. पूल घराच्या मागे, आणि त्याच्या टोकाला पत्र्याची शेड. शेडमध्ये पंप, आणि छातीइतक्या उंचीची गोल टाकी. टाकीत वाळू. पूलचं पाणी वरून येतं, वाळूतून खाली जातं, मळ वाळूत अडकतो, पाणी परत पूलमध्ये. मळ साठत गेला की टाकीतला दाब वाढतो आणि वरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळातला काटा चढतो. बारावरून विसाच्या आसपास पोचला, की वरचं हँडल फिरवून पाणी उलटं सोडायचं आणि वाळू धुऊन काढायची. त्याला बॅकवॉश म्हणतात. हे सगळं एवढं सरळ आहे, की यात कुणी डोकं चालवलं तरच बिघडतं.

गेल्या मंगळवारी बाईंनी टाकीवर खडूने लिहून ठेवलं होतं, बारा. आज काटा बारावरच होता. घरात माणसं, बाजूला पानं गाळणारी झाडं, सात दिवस पंप चालू, आणि काटा तसूभर हललेला नाही? बाई बाहेर गेल्या. घाण पाण्याचा पाइप जिथे उघडतो तिथली हातभर जमीन चिकचिकीत, आणि बाकीची बाग वाळलेली असताना तेवढंच गवत हिरवंगार.

परत आत आल्या तेव्हा त्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं. स्टुलावर छान गुबगुबीत उशी. हँडलपाशी काचेची एक छोटी वाटी असते, बॅकवॉश करताना तिच्यातून मळकं पाणी जाताना दिसतं. स्टूल बरोबर तिच्यासमोर मांडलेलं. बाई त्यावर बसल्या. बसल्याबरोबर काच डोळ्यांच्या रेषेत आली.

"हे रोज सहाला येऊन बसतात इथे," दारातून आवाज आला. सर्जनच्या पत्नी, हातात काठी. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पाण्यात चालायचा व्यायाम सांगितलेला, आणि पाणी असं की उतरायची पायरी दिसत नाही, म्हणून दोन महिने व्यायाम बंद. "मला वाटायचं, चोरून सिगारेट ओढतात."

"त्यापेक्षा वाईट आहे, वहिनी. फिल्टर धुतात."

सर्जन दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचत होते. निवृत्त झाले तरी नखं कालच कापल्यासारखी.

"डॉक्टर, फिल्टर रोज धुता?"

"अर्थात. चाळीस वर्षं ऑपरेशनच्या आधी हात धुतलेत मी. स्वच्छता मला शिकवू नका."

"एकदाच धुता?"

"सकाळी. कधीकधी संध्याकाळीही. रोज घाण निघते! मी डोळ्यांनी बघतो. तुमची माणसं आठवड्यातून एकदा येतात आणि काटा बघून जातात."

"ती घाण नाही डॉक्टर, तो तुमचा फिल्टर आहे."

सर्जननी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"स्वच्छ धुतलेल्या वाळूत फटी मोठ्या असतात," बाई म्हणाल्या. "बारीक मळ आरपार जातो. थोडा मळ अडकला की फटी लहान होतात, मग त्या मळातच पुढचा मळ अडकतो. तुम्ही तो जमू देत नाही. वर रोज नवं पाणी भरता, त्यात क्लोरीनचं औषध पातळ होतं. जखमेवर खपली धरते ना? ती रोज घासून धुतली, आणि जखम भरत नाही म्हणून टाके घालणाऱ्याला दोष दिला, तर चालेल तुम्हाला?"

"फिल्टर म्हणजे जखम नव्हे."

"आणि पूल म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे. चार दिवस हँडलला हात लावू नका."

"माझ्या घरात मी कशाला हात लावायचा, हे तुम्ही ठरवणार?"

बाईंनी पाण्यात औषधाचं प्रमाण बघून लागलं तेवढं घातलं, मग शेडमध्ये जाऊन पंप बंद केला. हँडल गाळण्याच्या खुणेवर आहे ना, ते पाहिलं, छोट्या हातोडीने त्याची पिन ठोकून काढली, हँडल उचललं आणि पंप परत चालू केला. हँडल पर्समध्ये, डबा आणि छत्रीच्या मध्ये. सर्जन मागोमाग आलेच होते.

"ही चोरी आहे!"

"चोर पावती देत नाही." बाईंनी वहीचं पान फाडून लिहिलं, 'व्हॉल्व्हचं हँडल, एक नग, शनिवारपर्यंत माझ्याकडे.' खाली ठसठशीत सही केली. "याच्यावर सही करते, कारण हे मी केलंय."

घरी ताईने, म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीने, ते हँडल बघून कपाळाला हात लावला. "सही करून मोकळी झाली असतीस. हात झिजतो का तुझा?"

"मागच्या वेळी झिजला."

"आणि शनिवारी पाणी तसंच राहिलं तर?"

बाईंनी हँडल परत पर्समध्ये ठेवलं. तत्त्व पक्कं होतं, पण टाकीच्या आत कुणी पाहिलंय? तळाची एखादी गाळणी फुटलेली असली, तर वाळूला काय तत्त्व सांगणार? मग सोमवारी काम गेलं, आणि वर हँडल पळवल्याची बोंब. बुधवारी सुपरवायझरचे तीन फोन आले.

"हँडल देऊन टाका हो बाई, साहेब फोनवर ओरडतायत. तुम्ही माझीही नोकरी घालवाल."

"तुझी कशी जाईल? तू सही कुठे केलीस, नुसता कागद टाइप केलास."

गुरुवारी सकाळी सर्जनच्या पत्नीचा फोन. "अहो, पाणी तसंच आहे. हे नुसते येरझाऱ्या घालतायत."

"वहिनी, एक काम करा. शेडमध्ये जाऊन काटा बघा."

बरंच थांबल्यावर आवाज आला, "तेरा."

"चढतोय. म्हणजे मळ अडकायला लागला," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून डबा भरायला उठल्या.

शुक्रवारी वहिनींनी विचारायचीही वाट पाहिली नाही. "चौदाला जरासा कमी! आणि दुसरी पायरी दिसते!"

शनिवारी बाई पोचल्या, तेव्हा वहिनी कठडा धरून छातीभर पाण्यात होत्या आणि तळाच्या फरश्यांवरून सावकाश चालत होत्या. एकेक फरशी मोजता यावी असं पाणी. काठावर सर्जन, हाताची घडी. सुपरवायझरही आला होता, फाइल घेऊन.

"हा योगायोग असू शकतो," सर्जन म्हणाले.

"असू शकतो. उद्यापासून रोज धुवा, परत गढूळ होतं का बघू."

"खबरदार!" पाण्यातून वहिनी ओरडल्या.

बाईंनी हँडल बसवलं, पिन ठोकली, आपली पावती मागून घेतली आणि फाडली. सुपरवायझरने घाईघाईने नवा कागद काढला. "मिटलं ना आता सगळं. फाइल बंद करायला कारण लागतं, तर सौम्य लिहिलंय बघा, 'तांत्रिक कारणामुळे पाणी गढूळ झालं.' तुम्ही इथे..."

"कुठलं तांत्रिक? नाव सांग त्याचं."

"बाई, कशाला ताणता?"

बाईंनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'घरमालक रोज बॅकवॉश करत होते. फिल्टर चांगला आहे. देखभालीत चूक नाही.' आणि कागद सर्जनपुढे धरला.

"चाळीस वर्षांत मी असल्या कागदावर सही केलेली नाही," सर्जन म्हणाले.

"मी केली होती, दुसऱ्याच्या चुकीवर. फार महागात पडतं. स्वतःच्या चुकीवर करून बघा, काही होत नाही."

"आणि नाही केली तर?"

"तर मी सोमवारी घरी बसेन. तुम्ही मात्र रोज या पाण्याकडे बघाल, आणि ते कुणी स्वच्छ केलं हे तुम्हाला माहीत असेल."

सर्जननी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाठ करून चालत होती, न धरता, चार पावलं, पाच. त्यांनी पेन घेतलं आणि फर्रकन सही मारली.

"नाव वाचता येईल असं लिहा डॉक्टर. मी औषधाच्या दुकानातली नाही."

त्यांनी खाली नाव सुटं सुटं लिहिलं, शाळेतल्या मुलासारखं, ओठ घट्ट मिटून. सुपरवायझरने कागद फाइलमध्ये घातला आणि फाटकापर्यंत बाईंच्या बरोबर आला.

"ऑफिसला हे आवडणार नाही, बाई."

"आवडावं म्हणून लिहिलेलंच नाही. सोमवारी नऊ वाजता येते मी, पोच म्हणून शिक्का मारून एक प्रत मला हवी."

"आणि त्यांनी तुम्हाला दुसऱ्या भागात टाकलं तर?"

"तिथेही पूलच असतील ना, की विहिरी आहेत?" बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पूलकडे निघाल्या. साडेदहा वाजत आले होते आणि अजून दोन घरं व्हायची होती.