डोक्यावरचा हात

आज एसटी स्टँडवर एक शिक्षिका सहलीची मुलं गाडीत चढवत होत्या. प्रत्येकाच्या डोक्यावर हात टेकवायचा, आकडा म्हणायचा, मगच आत सोडायचं. माझी गाडी निघून गेली, तरी मी बघत राहिलो.

आई अशीच मोजायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आधी बाई होती, मग मुख्याध्यापिका झाली. पण सहलीची मोजणी तिनं कुणाला दिली नाही. घरातही तेच. लग्नाला निघालो की जीपमध्ये प्रत्येकाच्या डोक्यावर हात, आणि सातवी ती स्वतः. मामा वैतागायचा, "अगं, पन्नाशी उलटली माझी!"

"गप्प बस. आकडा चुकतो."

तिला अग्नी देऊन परत निघालो, तेव्हा मला रडू आलं नव्हतं. काही वाटतच नव्हतं. जीपमध्ये बसलो आणि हात आपोआप उठला. सहा. पुन्हा मोजले, तरी सहाच.

ड्रायव्हरला म्हटलं, "थांबा जरा, एक जण यायचंय."

मामानं मान खाली घातली. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं इंजिन बंद केलं आणि वाट बघत बसला.