खाडीवरचा पूल

माझा मित्र दातांचा डॉक्टर. घाटकोपरला त्याचा दवाखाना होता. हात इतका हलका की भुलीची सुई कधी टोचली ते पेशंटला कळायचंही नाही. त्याच हातांनी रविवारी तो छोट्या आगगाड्या जुळवायचा. आमचा मॉडेल रेल्वेचा क्लब म्हणजे तो, मी आणि आणखी तीन-चार निवृत्त माणसं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही कोकणातलं एक स्टेशन उभं केलं होतं. कौलारू इमारत, बोगदा, खाडी, खाडीवर पूल. डोंगर आणि माड माझे. रूळ आणि गाड्या त्याच्या.

मग त्याला कंपवात झाला. आधी उजवा हात, पुढे दोन्ही. दवाखाना बंद करावा लागला. थरथरता हात तोंडात कोण घालू देणार? मागची खोली मात्र त्याने सोडली नाही. तो खुर्चीत बसून सांगायचा, आम्ही करायचो.

गेल्या हिवाळ्यात मुलुंडच्या एका शाळेत दोन दिवसांचं छंदांचं प्रदर्शन भरलं. एकीकडे बोन्साय, एकीकडे जुनी नाणी, मधे आमचं लेआउट, म्हणजे ते कोकणातलं स्टेशन. टेम्पोतून आणलेले तुकडे आम्ही सकाळपासून जोडत होतो. त्याची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावोजी, यांना गाडीला हात लावू देऊ नका हां. घरी पाण्याचा ग्लासही धरवत नाही आता." मी मान डोलावली.

दुपारी गर्दी झाली. गाडी बोगद्यातून बाहेर यायची, पुलावरून जायची, लोक मोबाइल वर धरून उभे. तेवढ्यात पुलाच्या तोंडाशी शेवटचा डबा रुळावरून घसरला. मी पुढे झालो, पण तो आधीच उठला होता.

"थांब, मी लावतो."

"अरे, मी लावतो ना."

"तू तुझे डोंगर बघ. गाडी माझी आहे."

हसत म्हणाला तो. मी बाजूला सरकलो. वहिनींकडे बघायचं मात्र टाळलं.

वीतभर लांबीचा डबा. त्याची चाकं रुळावर बसवायला हात स्थिर लागतो, बाकी काही नाही. त्याने उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरलं आणि वाकला. चाकं रुळावर टकटक वाजली आणि घसरली. पुन्हा तेच. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, राहू द्या ना, दुसऱ्या कुणाला तरी सांगा." त्याने ऐकूच आलं नाही असं दाखवलं. मग हाताला जोरात झटका आला. डबा कठड्यावर आपटला, कठडा मोडला आणि इंजिनासकट सगळी गाडी खाडीत पडली.

खाडी म्हणजे निळं रंगवलेलं प्लायवूड. तरीही एक बाई "अगं बाई!" करून ओरडली. दोघं-तिघं हसले. वाईट मनाने नसतील हसले.

तो तसाच वाकून राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू लाव."

नंतर तो खुर्चीत जाऊन बसला, दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून. कुणीतरी विचारलं, ही कौलं कशाची? दातांचे साचे घ्यायच्या प्लास्टरची, असं त्याने नीट समजावून सांगितलं. आवाज नेहमीचाच होता. हात काही त्याने बाहेर काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. प्रदर्शन संपल्यावर मी त्याच्या घरी गेलो.

"आज गर्दी होती?"

"नाही रे. कोण फिरकतंय."

खरं तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

"खोटं तरी नीट बोल ना, यार," तो म्हणाला.

वहिनींनी चहा आणला आणि कप त्याच्या ओठांना लावला. मी बंद टीव्हीकडे बघत बसलो.

उन्हाळ्यात त्याने मागची खोली सोडली. लेआउटचे तुकडे आम्ही वाटून घेतले. बोगदा भांडुपला माझ्या पलंगाखाली आहे. धूळ बसू नये म्हणून जुनी चादर टाकली आहे. क्लबचे बाकीचे हल्ली फारसे भेटत नाहीत. मी मात्र रविवारी त्याच्याकडे जातो. आम्ही मॅच बघतो. गाड्यांचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही.