चौथ्या ठोक्याला

माझा मोठा भाऊ बास गिटार वाजवायचा आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. आतल्या खोलीत तो, बाहेरच्या खोलीत मी, आणि मध्ये अर्ध्या विटेची भिंत. मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असायची आणि भिंतीपलीकडून ढग ढग ढग ढग सुरू व्हायचं. त्यात सूर नाही, गाणं नाही, नुसते एकसारखे ठोके. कोणीतरी दार वाजवतंय आणि आपण उघडत नाही, असं वाटायचं. मी भिंतीवर पट्टी आपटायची. तो पाच मिनिटं थांबायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

त्यांचा तिघांचा बँड होता. गिटार वाजवणारा आणि गाणारा त्याचा शाळेपासूनचा मित्र होता, घरी तेलुगू बोलणारा, टॉवेलच्या कारखानदाराचा मुलगा. ड्रम वाजवणारा नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला होता. तिघं मिळून पंक रॉक वाजवायचे, तेही मराठीत. नळाला पाणी कधी येणार यावर त्यांचं एक गाणं होतं, ते दीड मिनिटात संपायचं. सोलापुरात ते ऐकायला कोण येणार, असं मी विचारलं तर दादा म्हणायचा, "पाणी ज्यांना येत नाही ते येतील की."

एकदा मी चिडून आत गेले. म्हटलं, "इतके दिवस तेच तेच काय वाजवतोस? शिकून झालं नाही का अजून?" त्यानं हसत ते प्लॅस्टिकचं तिकोनी पिक माझ्या चिमटीत दिलं आणि माझा हात तारेवर ठेवला. म्हणाला, "हे फक्त खाली मारायचं. वर येताना तारेला शिवायचंसुद्धा नाही. वर-खाली दोन्हीकडून मारलं तर निम्मी मेहनत वाचते, पण वर जाणारा ठोका हलका पडतो. पंकमध्ये सगळे ठोके एका वजनाचे लागतात. दिसायला सोपं आहे. एक गाणं पूर्ण मारून दाखव." मी वीस-पंचवीस ठोके मारले आणि मनगट भरून आलं. पिक त्याच्या हातात टाकून मी अभ्यासाला परत गेले.

मला बँकेत नोकरी लागली त्याच वर्षी गणपतीच्या दिवसांत त्याला ताप आला. डेंग्यू होता. दवाखान्यात नेलं तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत गेला होता.

आमच्यात श्राद्ध करत नाहीत, पिंड ठेवत नाहीत, कावळ्याची वाट बघत नाहीत. पप्पा होटगीला रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, नुकतेच रिटायर झालेले. तरुणपणी ते भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. भूत, आत्मा, पुनर्जन्म असलं काही घरात कोणी बोललं तर त्यांना खपायचं नाही. भंतेजी आले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आलेल्या माणसांना पप्पा शांतपणे सांगत होते, "माणूस गेला की गेला. त्याचं चांगलं तेवढं आपण धरायचं." आईनं त्याचे कपडे, बूट, हेल्मेट देऊन टाकलं. बास तेवढा राहिला. आतल्या खोलीत कपाटाला टेकून उभा होता. झाडताना आई तो न उचलता त्याच्या भोवतीनं झाडू फिरवायची.

उन्हाळ्यात त्याचा गिटारवाला मित्र घरी आला. पाणी प्यायला, पप्पांच्या गुडघ्याची चौकशी केली. शेवटी म्हणाला, "पुण्यातली पोरं इकडं कार्यक्रम करायलेत. आम्हाला बोलावलंय. बास वाजवणारा एक मुलगा मिळालाय, पण त्याच्याकडं बास न्हाई. ह्याचा द्याल का? कार्यक्रमापुरता."

आई म्हणाली, "घेऊन जा. हितं ठेवून तरी काय करायचं."

तो उठून आत गेला, त्यानं बास उचलला, आणि मी म्हटलं, "थांबा. मी वाजवते."

मी असं का म्हटलं ते मला तेव्हाही कळलं नाही. अनोळखी हात त्या लाकडावर पडणार एवढंच मला दिसलं होतं. त्यानं विचारलं, "तुला येतंय?"

"नाही."

"लई दुखतं बरं का," एवढंच तो म्हणाला.

तालीम त्यांच्या कारखान्याच्या गोडाऊनमध्ये व्हायची. चारी भिंतींना छतापर्यंत टॉवेलचे गठ्ठे रचलेले, त्यामुळे आवाज बाहेर जायचा नाही. आतही तो मऊ होऊन मरायचा. बँकेतून सुटले की मी थेट तिकडं जायची. डाव्या हाताचं फार नव्हतं, चार-पाच जागा पाठ केल्या की गाणं व्हायचं. सगळी शिक्षा उजव्या हाताला होती. गिटारवाला समोर स्टुलावर बसून माझ्या मनगटाकडं बघत राहायचा. "कोपरातनं मारू नको, हात पाचव्या मिनिटाला दगड हुतोय. मनगट सैल सोड. पाण्यानं भिजलेला हात झटकतेस ना, तसं. पिकचं टोक थोडंसंच बाहेर ठेव. जास्त ठेवलंस की तारेत अडकतंय." तळव्याची कड तारांच्या मुळाशी हलकी टेकवायची, म्हणजे ठोका घुमत न राहता तिथंच मिटतो. ते जमायला मला बरेच दिवस लागले. बासवर तिथंच दादाच्या तळव्यानं रंग घासून लाकूड उघडं पडलेलं होतं. माझा तळवा आपोआप तिथं जाऊन बसायचा. लाकूड तिथं गुळगुळीत आणि जरा खोलगट होतं.

अंगठ्याला फोड आले, फुटले, कातडी घट्ट झाली. मग एका तालमीत हात एकदम सुटला. गाणं सुरू होऊन संपलं आणि हात मध्ये कुठंच थांबला नाही. मी खूश होऊन वर बघितलं. ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या आणि तो खाली बघत होता. गिटारवाला माझ्याजवळ आला.

"हे तुला कुणी दाखवलं?"

"काय?"

"चौथ्या ठोक्याला मागं राहतेस ते."

मला त्याचं बोलणं समजेना. त्यानं मला परत वाजवायला लावलं आणि बोटानं मोजलं. तीन ठोके बरोबर पडायचे, चौथा केसभर उशिरा यायचा. चूक म्हणावी इतका नाही. पाऊल टाकताना कुणी जरा पाय ओढावा, तेवढाच. दादा तसं वाजवायचा, तो म्हणाला. ड्रमवाल्याला त्याच्याशी जुळवून घ्यायला एक वर्ष लागलं होतं.

मला कोणी दाखवलं नव्हतं. भिंतीतून येणारं ते ढग ढग मी इतकी वर्षं ऐकलं होतं, पण कधी मोजलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी बास घरी आणला. घरी आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, नुसत्या तारा. दिवेलागणीची वेळ होती. मी आतल्या खोलीत कॉटवर दाराकडं पाठ करून बसले आणि वाजवू लागले. थोड्या वेळानं मागं दारात चपलांचा आवाज झाला आणि पप्पा म्हणाले, "आलास व्हय?"

मी वळले. त्यांनी मला बघितलं. मला वाटलं ते आता ओशाळतील, काहीतरी दुसरं बोलतील. ते तसेच चौकटीला धरून उभे राहिले. मग आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वाजव."

मी वाजवलं. ते डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरत होते, ढोलकीवर धरावं तसं, आणि चौथ्या ठोक्याला त्यांचं बोट माझ्या आधी पडून थांबत होतं, वाट बघत होतं.

"चौथीत सायकलवरनं पडला हुता," ते म्हणाले. "मनगट मोडलं. प्लास्टर काढल्यावर हात पुरता वर उचलायचाच न्हाई. म्हणून हितं जरा मागं राहतुया."

राहतुया, म्हणाले. 'राहायचा' असं नाही म्हणाले.

त्यानंतर ते रोज यायला लागले. दिवे लागले की खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. त्यांची तब्येत सुधारली. जेवू लागले, दाढी करू लागले. वाजवून झालं की म्हणायचे, "आज हात चांगला चालला त्याचा." मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायला आवडायचं. आणि भीतीही वाटायची. माझं मनगट कधी मोडलेलं नाही, ते पुरतं वर जातं. तरी चौथ्या ठोक्याआधी ते हवेत कुठंतरी अडायचं, कुणी हलकेच धरून ठेवल्यासारखं. मी मोबाइलवर टिकटिक लावून ते सरळ करायचा प्रयत्न केला. लक्ष ठेवलं की सरळ व्हायचं. लक्ष सुटलं की तो परत यायचा.

एकदा घरी मी मुद्दाम वर-खाली दोन्हीकडून मारलं. पप्पांनी लगेच डोळे उघडले. "हे कोण वाजवतंय?" त्यांचा चेहरा असा झाला की मी पुन्हा खालीच मारू लागले.

आई त्या खोलीत यायची नाही. मी सुरू केलं की ती टीव्हीचा आवाज वाढवायची. एका सकाळी मी डबा भरत असताना ती ओट्याकडं तोंड करूनच म्हणाली, "काल ताटं किती घेतली हुती मी, बघितलंस का?"

मी बघितलं होतं. चार घेतली होती. चौथं तिनं न बोलता परत मांडणीत ठेवलं होतं.

"तुझ्या पप्पांना बरं वाटतंय, म्हणून मी गप हाय," ती म्हणाली. "पण तू त्याला रोज दारापत्तुर आणतीस आणि परत लावून देतीस. मला रोज नव्यानं समजतं, तो न्हाई म्हणून."

मी म्हटलं, "कार्यक्रम होईपर्यंत थांब. मग बंद करते."

कार्यक्रम होटगी रोडवरच्या एका छोट्या हॉलमध्ये होता, रविवारी दुपारी. पन्नास-साठ पोरं-पोरी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारे पंखे. आई आली नाही. पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि पहिल्या रांगेत एकटे बसले. पोरं समोर उभी राहून उड्या मारायला लागली तेव्हा ते उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर होती. तोंडाकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

पहिली तीन गाणी नीट झाली. हॉलमध्ये आवाज मोठा होता, ठोके पायाखालून वर येत होते. चौथा ठोका मागं राहिला की ड्रमवाला त्याच्यासाठी थांबत होता. मला घाम फुटला होता, पण हात माझा नसल्यासारखा चालला होता. मग शेवटचं, पाण्याचं गाणं आलं. ते सगळ्यात जलद. अर्ध्यात माझ्या हाताची शीर ओढली गेली. कोपरापासून अंगठ्यापर्यंत कळ आली आणि मनगट लाकूड झालं. गिटारवाला वळून बघायला लागला. थांबावं तर गाणं मोडणार होतं. मी वर-खाली मारायला सुरुवात केली, दोन्हीकडून, दादा करायचा नाही तसं. आवाज पातळ झाला. ठोके सगळे एकसारखे, वेळेवर पडू लागले. एकही मागं राहिला नाही. ड्रमवाला एकदोनदा चुकला, मग त्यानं पकडलं. गाणं पूर्ण झालं. पोरं ओरडत होती. मी भिंतीकडं बघितलं तर पप्पा तिथं नव्हते.

बास तसाच गळ्यात घेऊन मी बाहेर धावले. ते पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरजवळ उन्हात उभे होते.

"पप्पा, काय झालं?"

"काय न्हाई." त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, मनगट दाबून बघितलं. मग म्हणाले, "दमला गं. लई दमवलं आपण त्याला."

मी रडायला लागले. ते रडले नाहीत. माझ्या गळ्यातला बास काढून त्यांनी स्वतःच्या खांद्याला लावला. तो त्यांना फार खाली लोंबत होता. "उद्यापासनं नको," म्हणाले. "तुझं तू वाजव."

त्यानंतर ते आतल्या खोलीत आले नाहीत. संध्याकाळी बसनं होटगीला जाऊ लागले, जुन्या सोबत्यांकडं, आणि जेवायला परत यायचे. जेवण पुन्हा कमी झालं, पण पहिल्याइतकं नाही. डॉक्टरांनी मला महिनाभर बास बंद ठेवायला लावला. नंतर मी बँडमध्ये राहिले. जलद गाण्यात मी आता वर-खाली मारते, सावकाश गाण्यात फक्त खाली. गिटारवाला काही म्हणत नाही. ड्रमवाला मात्र अजून कधी कधी चौथ्याला थांबतो आणि मग ओशाळून पुढं येतो.

परवा घरी सराव करत होते. पप्पा होटगीला गेलेले. टीव्ही बंद झाला आणि आई पदराला हात पुसत आत आली. बासकडं बघत कॉटच्या कडेवर टेकली.

"ह्यातलं पहिलं कुठलं शिकला हुता तो?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी गिटारवाल्याला फोन लावला, त्यालाही आठवेना. तो म्हणाला, आमच्याकडं आला तेव्हा त्याला वाजवता येत होतंच. मी आईला तसं सांगितलं.

"भिंतीपलीकडं तर तूच हुतीस," आई म्हणाली.

मी डोळे मिटून बसले आणि अगदी सुरुवातीचं काही ऐकू येतंय का बघू लागले. माझी पट्टी भिंतीवर आपटत होती तेवढंच ऐकू येत होतं. आई अजून बसूनच होती, म्हणून मी पिक उचललं आणि जे आधी हाताला आलं ते वाजवलं.