वंदनेत कोणी हललं नाही

अक्काच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट अजून माझ्याकडं आहे आणि ती आठवली की आजही माझं डोकं फिरतं. तीन तासांच्या त्या कॅसेटीत घोड्यावरचा नवरदेव आहे, बँडपुढं नाचणारी पोरं आहेत, जिलब्यांची परात आहे, मांडवात शिरलेलं एक कुत्रंसुद्धा आहे. माझे वडील मात्र नाहीत.

बाबा चुडाव्याला शिक्षक होते. लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. वर्गात कविता खणखणीत म्हणणारा माणूस पाणी मागतानाही अडखळायला लागला. पण अक्काचं लग्न ठरल्याबरोबर त्यांनी सांगून टाकलं, "वंदना मीच घेणार." आमच्यात लग्न लागण्याआधी बुद्धवंदना होते, एकजण ओळ म्हणतो, मागून सगळा मांडव ती म्हणतो. म्हणून रोज सकाळी बाबा परसात बसून सराव करायचे. एक शब्द अडला की परत पहिल्यापासून. चार महिने हे चाललं होतं आणि त्या काळात आम्ही घरात कोणी रेडिओ लावला नाही.

लग्न परभणीत झालं. बाबा पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले, डाव्या हातानं उजवा उचलून त्यांनी हात जोडले आणि सावकाश, एकदाही न अडखळता सगळी वंदना घेतली. मांडवात कोणी हललं नाही. आई पदर तोंडाला लावून रडत होती. व्हिडिओवाला समोरच कॅमेरा धरून उभा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

शूटिंग दोन कॅसेटी भरून झालं होतं. व्हिडिओचा दुकानदार म्हणाला, एकीतच बसवून देतो. महिन्यानं कॅसेट आली तेव्हा आम्ही व्हीसीआर भाड्यानं आणला, गल्ली गोळा केली. बाबा केस विंचरून पुढं बसले होते. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि पुढच्याच चित्रात हार घातले जात होते. बाबा थोडा वेळ बघत राहिले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "माझं होऊन गेलं का, यायचंय अजून?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तो भांडायच्या तयारीनंच. दुकानदार शांतपणे चहा पीत होता. "इंजिनिअर साहेब, तितं लोकं नुसते बसलेले हायेत. काई हालचालच न्हाई. कोण बघायलंय ते? म्हणून काढलं."

हे त्यानं नेमकं मला सांगावं! इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझा प्रकल्प व्हिडिओ कमी जागेत बसवण्याचाच होता. चित्राचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रातून किती सरकला तेवढंच नोंदवायचं. जो हललाच नाही तो पुन्हा पाठवायची गरज नसते, कारण तो आधीचा जपून ठेवलेला असतो आणि तसाच दाखवला जातो. न हललेलं फेकून द्यायचं, असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. त्याच्या काउंटरवर खडूनं चौकोन काढून मी हे ओरडून सांगितलं. निर्जीव यंत्राला जे कळतं ते ह्या शहाण्याला कळू नये?

आणि हा काही एकटाच नव्हता. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात आम्ही लाठीपुढं पळालो की फोटोवाले धावत यायचे. तीच माणसं हात जोडून शांत बसली की कोणाच्या कॅमेऱ्याला ती दिसत नव्हती. आम्ही सतत पळतच राहायचं की काय?

"मूळ कॅसेट द्या," मी म्हणालो. त्यानं मान खाजवली. शूटिंगच्या कॅसेटी ते पुन्हा वापरायचे. बाबांच्या वंदनेवर मानवत रोडच्या कोणाची तरी हळद चढली होती. माझा आवाज बसेपर्यंत मी त्याला शिव्या घातल्या. शेवटी तो खरंच ओशाळला. म्हणाला, "चुकलं माझं. उद्या घरी येतो कॅमेरा घेऊन. काकांना पुन्यांदा म्हणायला लावा. फुकट करून देतो."

मला ते पटलं, हे आज सांगायलाही लाज वाटते. घरी येऊन मी बाबांना म्हणालो, उद्या पांढरा सदरा घाला, तो माणूस येणार आहे. बाबा परसात बसले होते. त्यांना बोलायला वेळ लागला. शब्द दोनदा अडला, दोनदा त्यांनी तो पहिल्यापासून धरला.

"पोरगी तर गेली सासरी. आता कुणासाठी म्हणू?"