ठोकून बघा, दादासो

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी भरमाप्पा कुऱ्हाडीच्या पाठीनं शिरीषाचं खोड ठोकत होता. कमरेपर्यंत आवाज भरीव. छातीच्या उंचीला मात्र रिकाम्या कणगीसारखा.

कळंब्यातला हा बंगला कंत्राटदार दादासोंचा. शिरीष फाटकाशी, बंगल्याकडे झुकलेला. पंधरवड्यापूर्वी वारा नसताना त्याची एक फांदी कोसळली. तिघा तोडणाऱ्यांनी हात जोडले. भरमाप्पा मात्र हो म्हणाला आणि येताना वहिनीला, बसम्माला, घेऊन आला.

आठ वर्षांपूर्वी शिरोळात दादासोंच्याच कामावर तिचा नवरा, भरमाप्पाचा थोरला भाऊ सोमशेखर, चिंचेचं झाड पाडत होता. त्याला आधी खोड ठोकायचं होतं. दादासो ओरडले होते, "हिरवीगार हाय की! ठोकत काय बसलाईस?" करवत अर्ध्यात असताना पोकळ खोड उभं चिरलं आणि सोमशेखरच्या छातीवर आलं. पंचनाम्यात दादासोंनी सांगितलं, गडी पिऊन आलता. गळ्यात इष्टलिंग बांधलेल्या, दारूला कधी न शिवलेल्या माणसाबद्दल.

"कवा पाडतोस?" दादासो बाहेर आले. "रविवारी आमच्या पोरीचा, रुचिताचा, साखरपुडा हाय."

"झाड पोकळ हाय."

"एवढा पाला हाय की वर!"

"पाला सालीच्या आतल्या थरावर जगतो. गाभा नुसता टेकू. गाडीवर पानं पडतात म्हणून तुम्ही फांद्या बुडातनं छाटल्या, त्या जखमा भरल्या न्हाईत. पाणी मुरलं, बुरशी लागली, गाभा खाल्ला."

झाड पाडताना खोडाची एक पट्टी न कापता ठेवतात. बिजागरीसारखी ती झाडाला हव्या दिशेला वळवून पाडते. इथं पट्टी ठेवायला लाकूडच नव्हतं. एक काप दिला असता तर शिरीष थेट दिवाणखान्यात गेला असता, आणि पोकळ झाडाचा दोष कुणी तोडणाऱ्याला दिला नसता. आठ वर्षं भरमाप्पानं असाच काहीतरी हिशेब मनात फिरवला होता. पण दादासो मात्र म्हणाले असते, त्या घराण्याला कामच येत न्हाय.

त्यानं कुऱ्हाड आणि खडू पुढं केले. "धरा. वितीवितीवर ठोका. पोकळ वाजंल तिथं खडूनं खूण करा."

"मी? खुळा झालास व्हय रं?"

भरमाप्पानं दोर गुंडाळायला घेतला. वर काहीतरी करकरलं. दादासोंनी बंगल्याकडं पाहिलं आणि कुऱ्हाड घेतली.

शेजारी गच्चीवर आले. दादासो घामाघूम झाले. अकरावी खूण झाल्यावर भरमाप्पानं विचारलं, "दादा पिऊन आलता?"

"न्हाय."

"वैनीस्नी ऐकू आलं न्हाय. गच्चीवरपण न्हाय."

"न्हाय! पिऊन आला नव्हता! मीच ठोकू दिलं न्हाय!"

बसम्मा फाटकाशी उभी होती. "आठ वर्सं लागली व्हय दादासो, एवढं बोलाय?" तिनं विचारलं. "माझ्या पोरीची दारुड्याची लेक म्हणून दोन स्थळं मोडली." ती माफ करते म्हणाली नाही. भरमाप्पाही म्हणाला नाही.

दिवसभरात क्रेनच्या पाळण्यातून, एकेक फांदी दोरानं बांधून, त्यानं निम्मा शेंडा उतरवला. बंगल्याची एकही काच फुटली नाही. उरलेल्या खोडावर खुणा करायच्या बाकी होत्या.

"उद्या क्रेन येईल," दादासो म्हणाले, "मग ठोका तुम्ही."

"क्रेन साडेसातला येणार," भरमाप्पा म्हणाला. "तुम्ही साडेसहाला कुऱ्हाड घिऊन बाहेर या. वैनी येणार हाईत."

फाटकावर डकवलेल्या तोडपरवान्याची मुदत उद्या संध्याकाळी सहापर्यंत आहे; नवा परवाना रविवारच्या आत निघणार नाही.