दाजींचा राग कुठं गेला

“माझा राग कुठाय? कुणी उचलला माझा राग? काल सांच्यापर्यंत हितंच होता!”

आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, ही आरोळी ठोकली तेव्हा गंगाखेडच्या रस्त्यानं कारखान्याकडं निघालेली उसाची ट्रॉली जागच्या जागी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं खिशातून लायसन काढून हातात धरलं. त्याला वाटलं, पोलिसानंच हटकलं. मी आत दुपारच्या चहाआधी पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो, तर शेंगदाणे उडून माझ्या मांडीवर आले. परभणी जिल्ह्यात रागीट माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण स्वतःचा राग सापडत नाही म्हणून चवताळणारा माणूस दाजींखेरीज आजवर झाला नाही आणि पुढंही व्हायचा नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगीन.

हा राग म्हणजे दाजींच्या ईमेलमधला एक टॅग. दाजींचं ठिबकच्या पाईपांचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर दुकानात, एक घरी आणि एक जुना लॅपटॉप शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे खोपटात, मोटारीच्या स्टार्टरशेजारी. तिन्हीकडं एकच मेल जोडून दिला तो त्यांच्या लेकीनं. तिनंच शिकवलं होतं, “अण्णा, मेलला कप्पे करायचे न्हाईत. आज्याची मेंढरं आठवा.” दाजींच्या वडिलांचा मेंढरांचा कळप होता. आपल्या मेंढराच्या पाठीवर गेरू, विकायचं असलं तर शिंगाला निळा रंग, आजारी असलं तर गळ्यात चिंधी. एकाच मेंढराला तिन्ही खुणा असल्या तरी कुणी त्याचे तीन तुकडे करून तीन वाड्यांत कोंडले नाहीत. दाजींना हे असं काही पटलं की त्यांनी त्याचा धर्मच केला. फोल्डर करणारा माणूस दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. “वाटणी करणारी अवलाद! भावाभावांत करत्यात, आता मेलमधीबी करायलेत!”

एखादा पाईपवाला साधा ‘नमस्कार’ पाठवायचा, तर त्या बिचाऱ्याच्या मेलवर टॅग लागायचे: ‘पाईप’, ‘गोड बोलतो’, ‘खोटं बोलतो’, ‘जिंतूरचा पावणा’, ‘उत्तर देऊ नको’. टॅगांच्या गर्दीत नमस्कार शोधावा लागे. दुकानात लावलेला टॅग आखाड्यावर खरंच पोचतो का, याची त्यांना सुरुवातीला खात्री नव्हती. ते दुकानात टॅग लावायचे, फटफटीला किक मारायचे आणि भर उन्हात शेत गाठून लॅपटॉप उघडायचे. “मास्तर, च्यायला, ह्यो माझ्या आदी आला!” असं ते मला रागानंच सांगत. हरल्याचा राग. मग ऐन वैशाखात टॅगला गाठायचं म्हणून त्यांनी फटफटी अशी काही पळवली की वाटेतल्या ढेकळांचा भुगा झाला आणि त्या वर्षी त्या पट्ट्यात कुणाला कुळव घालावा लागला नाही.

चारठाण्याला एका लग्नात त्यांनी माझी ओळखसुद्धा अशीच करून दिली. “हे कोण? मेव्हणा, मास्तर, बिनसाखरेचा चहा, सांगितलेलं ऐकत न्हाई.” मी चार टॅग लावून घेऊन पंगतीत बसलो.

आक्काचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, मत वेगळं. तिच्या मसाल्याच्या डब्यात जिरं जिऱ्याच्या वाटीत आणि हळद हळदीच्या. दिवाळीची साफसफाई करताना तिनं घराबरोबर कॉम्प्युटरही आवरला. आधी फोल्डर केले आणि नवा मेल आपोआप आपल्या वाटीत पडेल अशी सोय लावली; मग आठवड्यानं, काल रात्री, जुने मेलही त्यात नीट भरले आणि टॅग पुसून टाकले. “किती घाण झाली होती ती,” ती मला म्हणाली.

दाजींची आरोळी उठली ती यामुळं. पण राग एवढा का हवा होता, ते सांगतो. लेकीनं घरात न विचारता पार आसामात नोकरी धरली, तेव्हा दाजी तिच्यावर असे गरजले की गोदावरीत पाणी पिणारी जनावरं पलीकडच्या काठाला लागली. “तुजा आवाज ऐकायचा न्हाई मला! फोन करू नको, काय असंल ते मेल कर!” दोन वर्षं खरोखर ऐकला नाही. आक्काशी ती फोनवर बोलायची, तेवढा वेळ दाजी अंगणात. तिचे मेल मात्र येत. दाजी उत्तर देत नसत, टॅग देत. पहिला ‘राग’, दुसरा ‘लेक’, मग ‘जेवत न्हाई वाटतंय’, ‘तिकडं लय पाऊस’. ‘लेक’वर त्यांनी कधी बोट ठेवलं नाही, तेवढा ताठा होताच. रोज न चुकता ‘राग’ उघडायचे आणि रागाच्या नावाखाली तिचा शब्द न् शब्द वाचायचे. आक्कानं ते मेल तिथून उचलून ‘लेक’ नावाच्या फोल्डरात ठेवले. आईच ती, दुसरीकडं कुठं ठेवणार?

“आठ दिस झाले, नवं काई न्हाई,” दाजी ओरडत होते, पण आवाज चिरकला होता. “लिवायचं सोडलं का काय तिनं?”

“दाजी, तो फोल्डर बघा की.”

“मी न्हाई उघडत तसला!”

मी उघडला. सगळ्यात वर चार दिवसांपूर्वीचा मेल होता. मी मोठ्यानं वाचला: ‘अण्णा, मंगळवारी दुपारी पूर्णा स्टेशनला उतरते. आईला सांगितलं नाही. तुमी न्यायला आलात तर घरी येईन. न्हाईतर संध्याकाळच्या गाडीनं तिथूनच माघारी.’

मंगळवार आजच होता, आणि दुपार टळून गेली होती.

त्यानंतर दाजींनी दुकानाची जीप कशी हाकली हे मी सांगणार नाही, कारण माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. एवढंच सांगतो, की पूर्णेपर्यंत त्यांनी आक्काला, फोल्डरांना, रस्त्याला, मला आणि वाटेतल्या प्रत्येक म्हशीला शिव्या दिल्या, आणि स्टेशनच्या फाटकाशी जीप थांबली तेव्हा ते फलाटावरची माणसं एकेक करून मोजायला लागले. मेंढरू चुकलं की त्यांचे वडील असाच कळप मोजत, म्हणे.

परतीची गाडी फलाटाला लागलेली होती. लेक बॅग खांद्याला लावून डब्याकडं निघाली होती. दाजींनी धावत जाऊन बॅगेचा पट्टा धरला. तोंड लाल, डोळे त्याहून लाल.

“अक्कल हाय का तुला?” सगळं स्टेशन वळून बघायला लागलं. “बापाला असं सांगत्यात व्हय? एक फोन करायला काय झालं होतं तुला?”

तिनं बॅग खाली ठेवली.

“तुमीच म्हणला होता, अण्णा. फोन करू नको, मेल कर.”