आईचा पाट

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. बायको होती तेव्हा तिच्याजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही आहात. समोर माणूस बसला की माझी जुनी खोड जागी होते — त्याचा चेहरा बघत बघत मी बोलतो, कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा ते आपोआप ठरत जातं. भल्याभल्यांना मी असं गुंडाळलंय. आज तसं करायचं नाही, एवढं ठरवून बसलोय. जमेल का? माहीत नाही.

मी इंग्रजीचा प्राध्यापक होतो, बुऱ्हाणपुरात. माझा विषय ऐकून लोक अजूनही हसतात — युरोपातल्या प्रबोधनकाळातलं साहित्य आणि वक्तृत्वशास्त्र. म्हणजे चारपाचशे वर्षांपूर्वी तिकडची शहाणी माणसं बोलून दुसऱ्याचं मन कसं वळवायची, त्याचा अभ्यास. खिडकीबाहेर पावरलूमचा खडखडाट, बाकावर केळीवाल्यांची आणि विणकरांची मुलं, आणि मी फळ्यावर लॅटिन शब्द लिहितोय. वडील कागद कारखान्यात होते, जळगावकडून आलेले. ते म्हणायचे, बोलायचं कसं हे शिकायला एवढी पुस्तकं कशाला? आपला बाब्या जन्मतःच बोलका आहे. बाब्या म्हणजे मी.

खरंच होतं ते. घरात कुणाचं काही अडलं की मला पुढं करायचे. घरमालकाशी मी बोलायचो, रेशनच्या दुकानात मी बोलायचो. माझी धाकटी बहीण सुमन तर शाळेत सगळ्यांना सांगत फिरायची — माझा दादा बोलायला लागला की मास्तरसुद्धा गप्प बसतात.

बघा, मी पुन्हा गोड गोड सांगायला लागलो. ऐकणाऱ्याची मर्जी आधी संपादन करावी, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. सवय जात नाही.

ही गोष्ट मी प्राध्यापक होण्याच्या आधीची. सुमनला जवळच्या फोपनार गावात दिली होती. केळीच्या बागा, विहीर, भरलं घर. लग्नाला दोन वर्षंही झाली नसतील, ती एका सकाळी बसमधून उतरून बुऱ्हाणपुरातल्या लालबागला आमच्या घरी आली आणि म्हणाली, मी आता जाणार नाही. का, ते वडिलांना सांगेना. आई नव्हती — लग्नाच्या आदल्या वर्षीच गेली होती. मला मात्र तिनं सांगितलं. नवरा हात उचलायचा. दारू नाही, कसला संशय नाही, काही नाही. जेवण गार झालं म्हणून. दार उघडायला उशीर झाला म्हणून. तिनं दंडावरचा पदर सरकवून मला दाखवलं आणि लगेच झाकलं.

आमच्याकडे अशा वेळी बैठक बसते. सासरचे न्यायला येतात, दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, आणि मुलीच्या बाजूनं एक जण बोलतो. मुलगी स्वतः बोलत नाही, भिंतीला टेकून ऐकते. कोण बोलणार हा प्रश्नच नव्हता. सुमन आदल्या दिवशी मला म्हणाली, "दादा, तूच बोलजो. माझ्या तोंडून तं काही निघणारच नाही. त्या दंडाचं पण तूच सांगजो."

मी हो म्हटलं.

आता इथं मी थांबतोय, आणि हे थांबणं ठरवून केलेलं नाही. त्याच महिन्यात मला दिल्लीला संशोधनासाठी जागा मिळाली होती, पुढं विलायतेला जायची संधी होती. वडिलांचा दमा वाढलेला. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं — सुमन जर इथंच राहिली तर तिच्याकडे आणि माझ्यासारख्या आजारी बापाकडे बघायला घरात कर्ता माणूस पाहिजे, तुला जाता येणार नाही. रागानं नाही, अगदी सहज म्हणाले ते. मी मान डोलावली. आणि मला काळजी लागली ती बहिणीची नाही, दिल्लीची. हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या दिवसांत मी माझ्या संशोधनाचा आराखडा लिहीत होतो. विषय असा की जुने वक्ते शब्दांवर भागलं नाही की वस्तू दाखवायचे. मेलेल्या माणसाचं वस्त्र सभेत आणून ठेवायचं. रिकामी खुर्ची ठेवायची. आणि बोलता बोलता तिच्याकडे बघून गप्प व्हायचं. पुढचं काम ती वस्तू करते.

आईचा एक पाट होता, सागवानी, कोपऱ्याला पितळी फुलं. ती गेल्यापासून तो स्वयंपाकघरात भिंतीला उभा असायचा, त्यावर कुणी बसायचं नाही. बैठकीच्या सकाळी वडील अंघोळीला गेले होते, सुमन मागे कपडे धूत होती. मी तो पाट उचलून बाहेरच्या खोलीत आणला आणि मांडला. बैठकीत सुमन बसेल तिच्या अगदी समोर येईल असा.

किती सोपं होतं. एक पाट हलवायचा, बस.

बैठकीत मी तिच्या बाजूनं बोललो — म्हणजे सुरुवात तशी केली. तिचं कौतुक केलं. मग सासरचंही केलं. वडीलधाऱ्यांत बसलेल्या आमच्या काकांनी मान हलवली, तिचे सासरे खूश झाले. मग वडिलांच्या तब्येतीवर आलो. मग आई. आईला सुमनचा संसार बघायचा होता, तेवढं राहून गेलं, असं म्हणालो. आणि पाटाकडे बघून थांबलो.

दंडाचं मी बोललोच नाही.

सुमन माझ्याकडे बघत होती. मी त्या गोष्टीवर कधी येतो याची वाट बघत असणार. मग तिनं पाटाकडे पाहिलं. सगळी खोली पाटाकडे बघत होती, वडील रडायला लागले होते. ती उठून आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. जाताना वाकून पाटाला हात लावला. मग माझ्या पाया पडली.

माझ्या पाया पडली हो.

मी दिल्लीला गेलो. विलायतेलाही एक वर्ष राहून आलो. मोठमोठ्या ग्रंथालयांत बसलो, पुस्तक लिहिलं, चार लोकांनी तोंडभरून वाखाणलं. आणि शेवटी नोकरी मिळाली ती इथंच, बुऱ्हाणपुरात. ज्या गावातून सुटण्यासाठी बहिणीला परत धाडली त्याच गावात येऊन बसलो. मधल्या काळात तिला उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. कानात पाणी गेलं, असं तिनं वडिलांना सांगितलं. मी तर तिला विचारलंही नाही. विचारायला मला माहीत नसायला हवं होतं ना?

तेव्हापासून ती माझ्याजवळ बसली की डावा कान माझ्याकडे करून बसायची. दादाचा शब्द सुटायला नको म्हणून.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही. अजून खालची पायरी आहे.

वर्गात एकदा मला उदाहरण पाहिजे होतं. लॅटिन नावं ऐकून पोरं पेंगत होती. मी सहज म्हटलं, एका गावात एक भाऊ होता. बहीण माहेरी आली होती. आणि सांगत गेलो. पाटाचं आलं तेव्हा वर्ग असा शांत झाला, की मला — काय सांगू — आनंद झाला. मग दर वर्षी सांगू लागलो. दर वर्षी थोडं सुधारत गेलो. कुठं पॉज घ्यायचा ते पक्कं झालं. दुसऱ्या वर्गांतली पोरं ते ऐकायला दारात उभी राहायची. माझ्या बहिणीच्या आयुष्याचा मी धडा केला आणि त्यावर टाळ्या घेतल्या, पार निवृत्तीपर्यंत.

निवृत्तीच्या समारंभाला सुमन आली. नवरा वारलेला, मुलगा बागा बघतो, तब्येत थकलेली. माझ्यासाठी दराब्याचा, आमच्याकडच्या रव्या-तुपाच्या मिठाईचा, डबा घेऊन आली. हट्टानं पहिल्या रांगेत बसली, डावा कान स्टेजकडे करून. शाल-श्रीफळ झालं, भाषणं सुरू झाली. खंडव्याला शिकवणारा माझा एक जुना विद्यार्थी उठला आणि माईकवर म्हणाला, "सर का वो खाली पाट वाला लेक्चर जिसने नहीं सुना, उसने कुछ नहीं सुना." आणि त्यानं ते रिकाम्या पाटाचं सगळं सांगितलं. भाऊ, बहीण, बैठक. भावानं सकाळीच तो पाट आणून कसा ठेवला तेही. पितळी फुलंसुद्धा. चांगला विद्यार्थी होता, काही विसरला नव्हता.

सभागृहात टाळ्या पडल्या. सुमननंही वाजवल्या, सगळ्यांबरोबर.

घरी आलो. आम्ही दोघंच होतो. तिनं चहा केला, माझ्याजवळ येऊन बसली, नेहमीसारखी, डावा कान माझ्याकडे. चहा संपवून तिनं विचारलं,

"दादा, तो पाट तूच ठेवला होता का रे?"

नुसतं हो म्हणायचं होतं. तीस-पस्तीस वर्षं वक्तृत्व शिकवलेल्या माणसाला एक अक्षर जड झालं. मी म्हणालो, "नाही गं. बाबांनी ठेवला असेल. तो पोरगा काहीतरी रचून सांगतो."

वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. ते काय बोलणार?

ती म्हणाली, "बाबाच असतील मंग." कप घेऊन उठली, विसळून आली, आणि या वेळी माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. उजवा कान माझ्याकडे करून. मी काहीबाही बोलत राहिलो — तिच्या बागेचं, नातवाचं. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मधूनमधून मान हलवत होती. अजूनही येते, राखीला, दिवाळीला. तशीच बसते.

पाट मी ठेवला होता.